हातात दिलेल्या पोरी

आमच्या पीडी मॅडम पोरी मोजायच्या त्या हात लावून. डोळ्यांनी किंवा बोटानं मोजणं त्यांना मान्यच नव्हतं. मॅचला निघताना बसमध्ये चढलो की पुढच्या सीटपासून सुरू करायच्या आणि एकेकीच्या डोक्यावर तळहात ठेवत पार मागपर्यंत जायच्या. आम्ही सगळ्या चोपून तेल लावून आलेल्या. शेवटच्या पोरीपर्यंत मॅडमचा हात तेलानं माखायचा, मग तो त्या आपल्याच ओढणीला पुसायच्या. एकदा वैतागून मी म्हटलं, "मॅडम, दिसायलोत की आम्ही समद्या. रोज रोज केस कामून विस्कटायलात?"

तर म्हणाल्या, "दिसायलंय ते असतंयच असं न्हाई गं सुरेखा. हाताला लागलं म्हंजी हाय."

पीडी म्हणजे फिजिकल डायरेक्टर. आमच्याकडं कॉलेजात खेळ शिकवणाऱ्याला सगळे पीडीच म्हणतात. मॅडमचं नाव विशाखा, राहायला बिदरातच, मैलूरला भावाच्या घरी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची आमची काय टाप! बुटक्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. पण ग्राउंडवर उतरल्या की ओढणी कमरेला आवळून अशा पळायच्या की आमच्यातल्या निम्म्या पोरींना धाप लागायची. खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात गूळ, शेंगदाणे आणि हळदीची पुडी. आमचं ग्राउंड लाल मुरमाचं होतं. तिथं पडलं की गुडघा सोलून निघायचा, मग मॅडम त्यावर हळद दाबायच्या. बाहेरगावच्या टीम आम्हाला पिवळ्या गुडघ्यांच्या पोरी म्हणायच्या. आम्हाला त्याचा राग यायचा, मॅडमना मात्र भारी कौतुक.

बोलायच्या तीन भाषा. शिकवायच्या कन्नडमध्ये, झापायच्या दखनी उर्दूत, आणि माया आली की मराठी. त्यामुळं कन्नड सोडून त्यांनी दखनी धरली की आम्ही समजायचो, आता काही खरं नाही. "क्या गे, पाँवां को मेंदी लगाके आई क्या?" असं पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. पण कुणी पडून विव्हळली की त्याच बाई गुडघ्यावर बसून म्हणायच्या, "बघू, बघू माय, कुठं लागलं?"

स्टाफरूममध्ये पोरींच्या फुटबॉलवर लोक हसायचे. खो-खो घ्या म्हणायचे, थ्रो बॉल घ्या म्हणायचे. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "थ्रो बॉलमधी पोरी जागेवर हुब्या राहतेत. हुबं राहायला घरी चूल हाय की."

आता त्यांची ती रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं.

पावसाळ्यात टीम ठरली की मॅडम एकेका पोरीच्या घरी जायच्या. कॉलेजचे कागद, सह्या, ते सगळं वेगळं. ह्यांचं आपलं निराळं. घरी जायचं, बसायचं, आणि पोरीच्या आईला म्हणायचं, "अक्का, पोरगी माझ्या हातात द्या." म्हणजे खरोखर हातात. आईनं लेकीचा हात धरून मॅडमच्या हातात ठेवायचा. सीझन संपला की येळअमावश्येच्या आत मॅडम परत यायच्या. येळअमावश्येला आमच्याकडं अख्खं घर शेतात जेवायला जातं, त्या दिवशी पोरगी घरी नसली तर आईला घास गोड लागत नाही. तर त्याच्या आत यायच्या, पोरीचा हात आईच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या अक्का, पोचली."

आमच्या घरी आल्या तेव्हा माझी आई भाकरी थापत होती. तिथूनच ओरडली, "घेऊन जावा की मॅडम, तुमचीच पोरगी हाय. घरात नुसती खायला काळ झालीय."

"तोंडी नको अक्का," मॅडम म्हणाल्या, "हातात द्या."

आईला पिठाचे हात धुऊन उठावं लागलं. माझा मोठा भाऊ दारात उभा राहून फिदीफिदी हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, फुटबॉल खेळायला चाललेय की बोहल्यावर? पुढं आठवडाभर घरात सगळे मला नवरी म्हणत होते.

त्या वर्षी आमच्या टीमला गोलकीपर नव्हती. मॅडमनी कुठून तरी रेणुकाला शोधून आणलं. ती निर्णा गावची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, बिदरात होस्टेलला राहायची. धनगराच्या घरातली. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता वडील दुसऱ्याची शेती बटईनं करायचे. लांब हात, रुंद पंजे, आणि डोळ्याला डोळा भिडवून बघायची सवय. पहिल्या दिवशी मॅडमनी तिला विचारलं, "कधी गोलमधी हुबी राहिलीस?"

"गोल म्हंजी काय माहीत न्हाई," ती म्हणाली, "पण लहानपणी मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी हुबी राहायलते. एक बी कोकरू सुटू द्यायलते न्हाई."

मॅडम हसल्या आणि बॉल मारायला लागल्या. एक सुटला नाही.

निर्ण्याला तिला मागायला जाताना मॅडमनी मला बरोबर घेतलं. जुनी पोरगी बरोबर असली की आयांना धीर येतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही कट्ट्यावर बसलो. रेणुकाचे वडील माळप्पा बाजेवर, आजी आतल्या दाराआड. आजीनं मॅडमना कुठल्या, कुणाच्या, असं सगळं विचारून घेतलं. मॅडम बौद्ध. त्यांच्या आजोबांनी धर्म घेतलेला. मॅडमनी ते सरळ सांगितलं.

मग रेणुकाची आई पाणी घेऊन आली. भागाबाई तिचं नाव. मला तिनं गिलास हातात दिला. मॅडमचा गिलास तिनं कट्ट्यावर, त्यांच्या शेजारी ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. रेणुकाची मान खाली गेली. मॅडमनी मात्र गिलास उचलला, सावकाश सगळं पाणी संपवलं, गिलास होता तिथं ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसून म्हणाल्या, "अक्का, पोरगी माझ्या हातात द्या."

भागाबाई जागची हलेना. तिनं सासूकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. माळप्पा म्हणाला, "घेऊन जावा की बाई, मी सांगायलोय न्हवं."

"तोंडी नको अण्णा. मायनं हातात द्यावं लागतंय."

"माय, दे की गं," रेणुका कुजबुजली.

भागाबाईनं पदराला हात पुसला, उगीचच, ओला नव्हता तो. मग लेकीचं मनगट धरलं आणि मॅडमच्या तळहातावर ठेवलं. तिची बोटं मॅडमच्या बोटांना लागली. मॅडमनी वरून आपला दुसरा हात ठेवला. भागाबाईनं हात काढून घेतला नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "एकुलती एक हाय बाई. पावसात भिजू देऊ नका. आन् पोरांच्या घोळक्यात हुबी करू नका, गावात लई बोलतेत."

"न्हाई करत," मॅडम म्हणाल्या. "येळअमावश्येच्या आत तुमची पोरगी तुमच्या हातात."

परत येताना बसमध्ये मी धुसफुसत होते. म्हटलं, त्या बाईनं पाणी कसं दिलं बघितलंत ना, तिथं परत कशाला हात पसरायचा? मॅडम खिडकीबाहेर बघत गूळ चघळत होत्या. म्हणाल्या, "माझ्या मायला ओंजळीत वरून पाणी ओतायचे गं. मला गिलास तरी भेटला." थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पाण्याचा गिलास खाली ठेवून देता येतंय सुरेखा. पोरगी खाली ठेवून देता येत न्हाई. तिथं हात लागतोच."

तेव्हा कुठं मला त्या रीतीचा अर्थ लागला. बाईंनी वर्षानुवर्षं किती घरांत असा हात लावून घेतला असेल, आणि वर आम्हाला शेंगदाणे वाटत हसत बसल्या असतील, ह्याचा मी विचारही केला नव्हता.

आणि मग काय सांगू, तो सीझन! आम्ही पोरी आयुष्यात पहिल्यांदा जिंकायला लागलो. त्याआधी आम्ही मॅचला जायचो ते हरून यायलाच, फक्त किती गोलांनी एवढाच प्रश्न असायचा. रेणुका आल्यावर गोल होईनात. ती बॉल अडवायची आणि छातीशी धरून त्याला "हुर्र, हुर्र" करायची, कोकराला करतात तसं. समोरच्या पोरी आधी हसायच्या, मग चिडायच्या, मग चिडून आडवंतिडवं मारायच्या. एका मॅचमध्ये आमच्यावर पेनल्टी लागली. मारणारी पोरगी चांगली दांडगी होती. रेणुकानं तिला कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, जेवलीस का?" ती गोंधळली, हो म्हणाली, आणि बॉल सरळ रेणुकाच्या हातात मारला. रेफरीसुद्धा तोंड फिरवून हसला. मॅडम रेषेवर उभ्या राहून दखनीत ओरडल्या, "अगे बातां नक्को कर गे!" पण डोळ्यांत पाणी येईतो हसत होत्या.

असं करत आम्ही सेमीफायनलला पोचलो. ती कलबुर्गीला होती, दिवाळीच्या आधी. कॉलेजच्या फळ्यावर आमची नावं लागली. स्टाफरूममधले तेच लोक आता मॅडमना चहा पाजायला लागले. निर्ण्याहून भागाबाईनं रेणुकाबरोबर अख्ख्या टीमला पुरतील एवढ्या शेंगाच्या पोळ्या पाठवल्या. मॅडमसाठी वेगळं फडकं बांधलं होतं आणि त्यात लोणचंही होतं. मॅडमनी ते कुणालाच दिलं नाही. पिशवीत ठेवून घरी घेऊन गेल्या.

ग्राउंडच्या एका बाजूला पोरांचं होस्टेल होतं, त्याला लांब व्हरांडा. दुसऱ्या बाजूला जुनी चिंच. प्रॅक्टिसला पाऊस आला की पोरं व्हरांड्यात गोळा व्हायची, ओल्या कपड्यातल्या पोरी बघायला. त्यासाठी मॅडमनी नियम केला होता. लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी चिंचेखाली जायचं. व्हरांड्याकडं कुणी फिरकायचं नाही. आमच्या ओढण्या, पिशव्या, टॉवेल, सगळं चिंचेखालीच असायचं. हा नियम त्यांनी आमच्या आयांना दिलेल्या शब्दासाठी केला होता. पोरगी भिजणार नाही, पोरांच्या घोळक्यात उभी राहणार नाही. दोन्ही गोष्टी चिंचेखाली साधत होत्या. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं पावसात माणूस झाडाखालीच जातो.

नवरात्र होऊन गेलं होतं. परतीचा पाऊस. दुपार कलली होती, आभाळ एकदम काळं झालं आणि गडगडायला लागलं. मॅडमनी लांब शिट्टी मारली. मी बॉल आणायला पार रस्त्याच्या कडेला गेले होते. रेणुका चिंचेकडच्या गोलमध्ये होती, तीच सगळ्यात जवळ. मी तिला पळताना बघितलं. आधी तिथं पोचून ती सगळ्यांच्या पिशव्या बुंध्याशी ओढून घेत होती, भिजू नयेत म्हणून. मागून दोघी-तिघी पळत होत्या.

मग उजेड झाला. आवाज मला आठवतच नाही. उजेड आठवतो, आणि त्यानंतर कुणीतरी मॅडमच्या आवाजात मराठीत ओरडतंय एवढं आठवतं. वाटेतल्या दोघी पडल्या होत्या, त्या उठल्या. रेणुका उठली नाही.

मॅडम तिथं माझ्या आधी पोचल्या होत्या. चिखलात बसून रेणुकाचा हात चोळत होत्या आणि "बघू माय, बघू माय, कुठं लागलं" एवढंच परत परत म्हणत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली तरी त्यांनी हात सोडला नाही. आम्हाला घरी न्यायला गाडी आली तेव्हा त्या उठल्या, गाडीत चढल्या आणि एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजायला लागल्या. मागच्या सीटपर्यंत गेल्या. मग परत पुढून सुरू केलं. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर एका सरांनी त्यांना धरून खाली उतरवलं. आम्ही सगळ्या रडत होतो. मॅडम रडत नव्हत्या. हिशेब लागेना तसं तोंड करून उभ्या होत्या.

निर्ण्याला नेताना त्या रेणुकाजवळ बसल्या. मी बरोबर होते. तिचा हात मॅडमच्या हातात, बिदरपासून निर्ण्यापर्यंत. अंगणात सगळं गाव जमलं होतं. रेणुकाला खाली उतरवून ठेवलं तसं भागाबाई पुढं आली. मॅडम गुडघ्यावर बसलेल्या. त्यांनी रेणुकाचा हात उचलला आणि भागाबाईपुढं धरला.

भागाबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "अशी न्हाई," ती ओरडली. "मी चालती-बोलती दिलती तुला! मला तशीच दे! अशी मी घेत न्हाई!"

मॅडम तसाच हात धरून बसल्या. शेवटी माळप्पाच्या भावानं तो सोडवला. आणि देवाशपथ सांगते, त्यांचं खरं आयुष्य तिथंच संपलं. पुढं कितीतरी वर्षं त्या जगल्या, नोकरी केली, पेन्शन घेतली. पण बाई तिथंच बसून राहिल्या, तो हात पुढं धरून.

चार दिवसांनी मॅडम आमच्या घरी आल्या. कलबुर्गीची सेमीफायनल अजून व्हायची होती. प्रिन्सिपलनी ठरवायचं आमच्यावर सोडलं होतं, आणि आम्ही पोरी म्हणत होतो की रेणुकासाठी खेळू. मॅडम दारातूनच आईला म्हणाल्या, "अक्का, हात द्या." माझा हात आईच्या हातात ठेवला. "घ्या. पोचली." आवाज फाटलेला. असंच त्या एकेका घरी गेल्या. सीझनच्या मध्यावर आमची सगळी टीम अशी घरोघर परत केली. समोरची टीम न खेळताच फायनलला गेली.

माझ्या आईनं त्यांना बळंच बसवलं. म्हणाली, "मॅडम, तुमची काय चूक? वरून वीज पडली ती. कुणाच्या हातात हाय?"

"झाड मी दाखवलंतं अक्का," मॅडम म्हणाल्या. चहा तसाच ठेवून गेल्या.

त्यानंतर त्यांनी पोरींची फुटबॉल टीम कधी काढली नाही, कुण्या आईपुढं हात पसरला नाही. शिट्टीही वाजवली नाही, टाळ्या वाजवून काम चालवायच्या. पण दरवर्षी नवीन पोरी कॉलेजात आल्या की त्यांना ग्राउंडवर उभं करून पहिली गोष्ट हीच सांगायच्या: "गडगडलं की झाडाखाली जायाचं न्हाई. पळत व्हरांड्यात जायाचं. पोरं बघतील तर बघू द्या. डोळेच हायत ते, वीज न्हाई." पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. म्हातारी बाई काहीतरीच बोलते म्हणायच्या.

माझं लग्न होऊन मी कडगंचीकडं आले. तिथं शाळेत लागले, लेकरं झाली. एकदा येळअमावश्येला माहेरी जाताना हुमनाबादच्या बसस्टँडवर मला मॅडम दिसल्या. खांद्याला तीच पिशवी. कुठं चाललात म्हटलं तर म्हणाल्या, "निर्ण्याला." तेव्हा मला कळलं की त्या दरवर्षी जातात. मी त्यांच्याबरोबर गेले.

अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. बस्स. माळप्पा बाहेर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, कामून यायलात दरसाली? कामून जखम उकरायलात?"

"घेऊन गेलते अण्णा. येळअमावश्येच्या आत आणून देते म्हणून घेऊन गेलते. यायला तर पायजे."

भागाबाई बाहेर आली नाही. आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला, एवढंच. कुणीतरी पाण्याचा गिलास कट्ट्यावर आणून ठेवला. मॅडमनी त्याला हात लावला नाही. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि वळल्या. वाटेत मी म्हटलं, "उन्हातून आलात, पाणी तरी प्यायचं." तर म्हणाल्या, "पोरगी दिली न्हाई, पाणी कोन्त्या तोंडानं पिऊ?" मला फार राग आला त्या दिवशी. कुणाचा आला, अजून सांगता येत नाही. भागाबाईचा यावा तर तिची एकुलती एक लेक गेलेली. आणि मॅडमचा कसा येणार?

पुढं मॅडम रिटायर झाल्या. मग अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. परवाच्या येळअमावश्येच्या आधी मैलूरहून त्यांच्या भावजयीचा, कमलवहिनींचा, फोन आला. "बाई, ह्या ऐकायलेल्या न्हाईत. निर्ण्याला जाते म्हणून दाराशी बसून हायत. तू तरी ये."

मी गेले. समजवायला म्हणून गेले होते, पण त्या खांद्याला पिशवी अडकवून बसल्या होत्या. गाडी केली आणि त्यांना घेऊन निघाले. रस्त्यानं माणसं डोक्यावर पाट्या घेऊन शेताकडं चाललेली.

निर्ण्यात घर बदललं होतं. वर स्लॅब पडला होता. आजी कधीच गेलेली. माळप्पा शेतात पुढं गेला होता आणि भागाबाई एकटीच घरात, शेतात न्यायला बाजरीचे उंडे फडक्यात बांधत होती. गाडीचा आवाज ऐकून दारात आली. मॅडमना अंगणात उभं राहता येत नव्हतं, मी काखेत हात घालून धरलं होतं. उजवा हात लोंबत होता. भागाबाई त्या हाताकडं बघत राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली. मग आत गेली. मला वाटलं, ह्याही वर्षी तेच.

ती पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली. कट्ट्यापाशी थांबली नाही. सरळ मॅडमजवळ आली आणि गिलास त्यांच्या डाव्या हातात दिला. तो हातही थरथरत होता, म्हणून तिनं वरून आपला हात धरून ठेवला. मॅडमनी तोंड फिरवलं.

"प्या," भागाबाई म्हणाली.

"अक्का... पोरगी..." मॅडमची जीभ वळेना.

"पोचली," भागाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज कापत नव्हता. "तुमी आणून दिलती बाई. दारापत्तर आणलीती. म्याच हात मागं घेतला. पोचली मला पोरगी. आता प्या."

मॅडम प्याल्या. निम्मं पाणी ओढणीवर सांडलं. भागाबाईनं ते पदरानं टिपलं. मॅडम रडायला लागल्या, अशा की मी त्यांना कधी तसं बघितलंच नव्हतं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम. भागाबाईनं त्यांना आपल्या खांद्याला धरलं आणि दोघी तिथंच अंगणात खाली बसल्या. मी बाजूला झाले.

निघताना भागाबाईनं उंड्यांचं फडकं पिशवीत घातलं. मग मॅडमचा लुळा हात उचलून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "नीट नेऊन घाल गं हिला घरी."

गाडीत बिदर येईपर्यंत मी तो हात सोडला नाही.

मैलूरला पोचलो तेव्हा कमलवहिनी दारातच होत्या. "आलात? या, या, आत या," म्हणत त्या चहा टाकायला वळल्या.

"वहिनी, थांबा," मी म्हटलं. "तोंडी नको. हात द्या."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी हात पुढं केला. मी मॅडमचा हात त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "घ्या वहिनी. पोचल्या."

संक्रांतीच्या आधीच मॅडम गेल्या, मला जाता आलं नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं आहेत त्या अशा, मैलूरच्या त्या दारात. माझ्याकडं बघत होत्या. मग डावा हात त्यांनी कसाबसा वर उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मी शाळेत जाणारी बाई, हल्ली डोक्याला तेल लावत नाही. तरी त्यांनी हात काढला आणि ओढणीला पुसला.